कुणीतरी जातंच

"ताई, एक विचारू? तुम्ही सांगता त्या प्रत्येक कादंबरीत कुणीतरी जातंच." वहिनी एवढंच म्हणाल्या आणि पोह्यांची ताटली घ्यायला वळल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. तरी शनिवारपासून ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

आज मेथी निवडताना मनातल्या मनात हिशोब मांडला. गेल्या पावसाळ्यापासून कुणाला काय दिलं? नानांना 'स्वामी', कारण ऐतिहासिक सोडून ते काही हातात धरत नाहीत. वहिनींना 'बनगरवाडी', गावाकडचं काहीतरी द्या म्हणाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला 'कोसला', घर सोडून इथे शिकायला आलीय म्हणून. तिच्या मैत्रिणीला प्रेमकथा हवी होती, तिला 'रणांगण'. चौघांच्या चार तऱ्हा. आणि 'स्वामी'त थेऊरला माधवराव पेशवे जातात, 'कोसला'त सांगवीला पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते, 'रणांगण'मध्ये बोट मुंबईला लागल्यावर चक्रधर उतरतो आणि हॅर्टाला पुढे जावं लागतं. बनगरवाडीत तर दुष्काळाने अख्खी वाडीच उठते. वहिनींचं खरंच आहे.

खरं असलं म्हणून काय, दुखलं ते दुखलंच. एवढी वर्षं मी पुस्तकं देतेय. खाकी कव्हर घालून, आत पेन्सिलीने नाव लिहून. एखादं मिळालं नाही तर अप्पा बळवंत चौकात उन्हात दुकानं फिरून आणते. माणसाला काय आवडेल याचा दोन दोन दिवस विचार करते. आणि त्यांच्या मनात काय राहिलं, तर ताई पुस्तक देणार म्हणजे कुणीतरी मरणार. इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी नानांनी परत केलेली प्रत अजून पिशवीतून काढलेली नाही.

आणि रहस्यकथेत काय होतं? बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आमच्या घरी ट्रंक भरून होती. सुरुवातीलाच मुडदा पडायचा, आणि कुणी हूं की चूं करत नसे. धारपांच्या भयकथा तर ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रात्री दिवा लावून वाचते, त्यात माणसं काय कमी मरतात? पण तिथलं मरण म्हणजे कोडं असतं. कुणी मारलं, का मारलं, हे शेवटी कळतं, पुस्तक मिटतं, झोप लागते. ऐतिहासिकात मरण आधीच ठाऊक असतं. माधवराव 1772 साली गेले, वय सत्तावीस, हे शाळेतच पाठ केलेलं. तरी रणजित देसाई त्या दिवसाकडे इतक्या सावकाश नेतात की आपण मनात म्हणत राहतो, अजून थोडं थांबा. नाना पुस्तक संपवून थेऊरला जाऊन आले. चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनाशी बराच वेळ बसून राहिले, असं सांगत होते. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं.

'कोसला'त मात्र काहीच तयारी नसते. पांडुरंग पुण्यात कॉलेज, होस्टेल, मेस यात रमलेला, कंटाळलेला. आपण हसत हसत वाचत असतो. आणि मनी देवीच्या आजाराने जाते. त्यात कोडं नाही, तारीख नाही. त्या मरणाचं काय करायचं हे त्याला कळत नाही, आणि नेमाडे त्याला ते कळू देत नाहीत. 1963 ची कादंबरी, पण ती पानं आली की मी आजही पुस्तक मांडीवर उपडं ठेवते.

माझी प्रत दादाची आहे. पहिल्या पानावर त्याची सही, खाली एक रेघ, शाई आता तपकिरी झालेली. त्याने ती मला दिली तेव्हा म्हणाला होता, हसशील खूप. पुढचं काही बोलला नाही. मग त्याच वर्षी... असो.

म्हणजे मी ही पुस्तकं देते ती का देते? दुपारभर हेच. माणसं रडावीत म्हणून नक्कीच नाही. मला वाटतं, जे गेलं त्याच्यापाशी कुणीतरी नीट थांबलंय, घाई न करता, हे दिसलं की मला बरं वाटतं. ज्यांना ते आवडत नाही त्यांना नाही आवडत. वहिनींचं घर भरलेलं आहे, नातवंडं आहेत. त्यांना संध्याकाळी दिवाबत्तीनंतर तासभर निवांत वाचायचंय, त्यात चुकीचं काय? चार वाजता चहा घेताना हे पटलं आणि जरा हलकं वाटलं.

मग वहिनींसाठी शोधायला बसले. 'शाळा' काढलं. मिलिंद बोकिलांचं ते पोरांचं जग त्यांना आवडेल, पण शेवटी त्यातल्या मुलाला आवडणारी शिरोडकर निघून जातेच. त्यांच्या नातवाला विज्ञानकथा हवी होती, त्याच्यासाठी नारळीकरांचं काढलं, तर नावच 'वामन परत न आला'. तो वामन यंत्रमानव आहे, एवढं वहिनींना आधी सांगावं लागेल.

दोन्ही पुस्तकं बाजूला ठेवलीत. शनिवारी दोन्ही नेणार, आणि 'शाळा'त शेवटी काय होतं ते आधीच सांगणार. मग घ्यायचं की नाही ते वहिनींनी ठरवावं. तिसऱ्या मजल्यावरून मघाशी निरोप आलाय: मनीपर्यंत आले, आज पुढे वाचवत नाही, पुस्तक अजून आठवडाभर राहू दे का? कळवलं, हवं तेवढे दिवस ठेव.