बारोलोबरोबर काय खावे?

इटलीत तोरिनोला माझ्या घरी येणारे मराठी पाहुणे बारोलो या लाल वाइनचा पहिला घोट घेतात, जीभ टाळूवर फिरवून पाहतात आणि हमखास विचारतात, "एवढी तुरट वाइन तुम्ही पिता तरी कशी, आणि हिच्याबरोबर खायचे काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे, म्हणून दोन्हींचे एकत्रच देते.

बारोलो तोरिनोच्या दक्षिणेला, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवर, केवळ नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून तयार होते. ही द्राक्षे उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, तोडणीला येतात आणि त्यांच्यात टॅनिन (तुरटपणा आणणारे द्रव्य) व आंबटपणा दोन्ही भरपूर असतात. नियमानुसार ही वाइन किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात. तरीही नव्या बाटलीतला तुरटपणा ओसरलेला नसतो. नवख्या माणसाला चकवतो तो तिचा रंग. पेल्यात ती फिकट लाल दिसते, कडेला विटकरी झाक असते, वास गुलाबाचा आणि चेरीचा येतो, त्यामागे किंचित डांबराचा. एवढ्या नाजूक रूपानंतर कच्ची जांभळे खाल्ल्यासारखी जीभ आखडेल, अशी अपेक्षाच नसते.

टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडते. मांस किंवा चीज खाल्ले की टॅनिनला चिकटायला दुसरी प्रथिने मिळतात, स्निग्धतेमुळे जिभेचा खरखरीतपणा कमी होतो आणि वाइनचा आंबटपणा तोंडातला ओशटपणा धुऊन काढतो. म्हणून बारोलोची परीक्षा नुसत्या पेल्यावर करणे मला अन्यायाचे वाटते.

पियेमोन्तेत, म्हणजे तोरिनो-आल्बाच्या या प्रांतात, तिची खरी जोडी ब्राझातो. गोमांसाचा खांद्याकडचा अखंड तुकडा गाजर, कांदा, सेलरी, तमालपत्र आणि लवंगांसह रात्रभर वाइनमध्ये भिजवतात, मग बाहेरून परतून त्याच वाइनमध्ये तीनेक तास मंद आचेवर शिजवतात आणि भाज्या वाटून त्यांचाच दाट रस्सा करतात. (पातेल्यात महागडी बारोलो ओतलीच पाहिजे असे नाही, त्याच द्राक्षांची साधी वाइन, लांगे नेब्बिओलो, चालते, बारोलो पेल्यात असावी.) सुरीचा नुसता भार पडताच सुटणारा तो तुकडा पोलेंताबरोबर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीबरोबर, खाऊन पुन्हा घोट घेतला, की मघाशी तुरटपणाखाली दबलेली चेरी आता पुढे येते आणि गुलाबाचा वास घास गिळल्यावरही रेंगाळतो.

मांस न खाणाऱ्यांसाठी मी कास्तेलमान्यो या चुरचुरीत, खारट चीजच्या सॉसमध्ये घोळवलेली न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, करते, आणि ही जोडी मला मुळीच दुय्यम वाटत नाही. अंडी चालत असतील, तर भरपूर पिवळा बलक घालून मळलेल्या ताय्यारीन शेवया लोण्यात परताव्यात. शरद ऋतूत त्यांच्यावर आल्बाची पांढरी ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) किसतात, पण तेव्हा वाइन जुनी, मऊ पडलेली हवी.

कोल्हापुरी मटणाबद्दल तर प्रत्येक जण विचारतो. मटणाचे आणि बारोलोचे छान जमते, तांबड्या रश्श्याचे नाही. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते, तुरटपणा कडवट लागतो आणि वाइनचा सुगंध हरवतो. तेच मटण मिरची टाळून, कांदा, मिरे आणि तुपात सावकाश शिजवले, तर मी आनंदाने बाटली उघडेन.

बारोलोची बाटली पुण्या-मुंबईला नेणार असाल, तर ती जेवणाच्या दोनेक तास आधी उघडून रुंद काचपात्रात ओतून ठेवा आणि 16 ते 18 अंशांवर वाढा. तिकडच्या खोलीतल्या उष्म्यात अल्कोहोल नाकात चढते, म्हणून थोडा वेळ फ्रिज लागेलच, मात्र फार गार करू नका, कारण गारठ्याने तुरटपणा आणखी बोचतो.