अळणीच्या मटणाचा हॅश

शिजलेलं मांस आणि उकडलेला बटाटा बारीक चिरून तव्यावर खरपूस परतला की झाला हॅश. नाव फ्रेंच 'आशे' म्हणजे चिरणे यावरून आलं. अमेरिकेत तो बहुतेक कॉर्न्ड बीफचा करतात. त्यातल्या 'कॉर्न'चा मक्याशी काही संबंध नाही, ते जाड्या मिठाचे खडे. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा कोल्हापुरात हा पदार्थ बोकडाच्या मटणाचा.

आणि इथंच बरेच जण चुकतात. उरलेलं सुक्कं घेऊन बटाट्यात ढकलतात. सुक्क्यातलं खोबरं-तीळ बटाट्याला रंग यायच्या आधीच करपतं आणि सगळा तवा कडू होतो. मटण घ्यायचं ते अळणीतलं, म्हणजे तिखट-मसाला न घालता मटण शिजवलेल्या पाण्यातलं. रस्सा फोडणीला टाकण्याआधी अर्धा किलो फोडी आणि वाटीभर अळणी बाजूला काढा. फोड दोन बोटांनी सहज सुटली पाहिजे. चिवट राहिली तर तव्यावर आणखी चिवट होते. हाडं काढून शेंगदाण्याएवढे तुकडे करा.

बटाटे तीन मध्यम, आदल्या रात्री सालासकट उकडून फ्रिजमध्ये. गार झाल्यावर बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो, फोडी कडेनं तुटत नाहीत. गरम बटाटा चिरून टाकलात तर भाजीच होणार. सोमवार पाळणाऱ्या घरात शनिवारी रात्री बटाटे उकडा आणि रविवारी दुपारच्या अळणीचा हॅश रात्री करा.

बिडाचा तवा चांगला तापू द्या. दोन मोठे चमचे तेल, बटाट्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी, एकच थर. सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. हेच सगळ्यात अवघड, उलथणं हातात असलं की राहवत नाही. सारखं हलवलं तर खालून खरपूस थर धरतच नाही. खालून तांबूस झालं की उलटा, मग दोन कांदे बारीक चिरून. आधी कांदा घातला तर त्याच्या पाण्यात बटाटा वाफवला जातो. कांदा मऊ झाल्यावर मटण आणि मीठ घाला, कारण अळणीत मीठ बेताचंच असतं.

आता दोन मोठे चमचे अळणी वरून शिंपडा आणि उलथण्यानं दाबून चार मिनिटं सोडा. हाडांतला चिकटपणा आटून तुकडे एकमेकांना धरतात. कांदा-लसूण चटणी दीड चमचा, गॅस बारीक करून शेवटच्या मिनिटाला. त्याआधी नाही.

स्वीडनमध्ये याला 'पिट्टीपान्ना' म्हणतात, वर तळलेलं अंडं आणि व्हिनेगरमधलं बीट. डेन्मार्कच्या 'बिक्सेमाद'चंही तेच. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमधल्या 'ग्रोस्टल'मध्ये शहाजिऱ्याच्या जातीचं कॅरवे पडतं. उत्तर जर्मनीतलं खलाशांचं 'लाब्सकाउस' मात्र कुस्करलेलं, खरपूसपणा नसलेलं; आपल्याला रुचणार नाही. उचलण्याजोगं आहे ते स्वीडनचं बीट. एक उकडलेलं बीट, अर्धी वाटी व्हिनेगर, चमचाभर साखर, दोन तास. तिखटाला आणि चरबीला तेच उतारा.

अंडं वेगळ्या तव्यात करा, बलक वाहता राहू द्या. ताटल्या आधी गरम पाण्यातून काढून पुसून घ्या. बोकडाची चरबी लवकर थिजते आणि गार ताटलीत ओठांना मेणासारखी चिकटते.