खुनी आधीच कळला तरी

खरं सांगायचं तर टीव्हीवरच्या 'सीआयडी' मालिकेतला खुनी ओळखायला फार डोकं लागत नाही. जो माणूस विनाकारण जास्त मदत करतोय, सगळ्यांच्या आधी रडतोय, साहेबांना पाणी विचारतोय, तोच. आमची आई मेथी निवडता निवडता मान वर न करता सांगायची, अगं तो नाही, तो चष्मेवाला बघ, आणि बरेचदा चष्मेवालाच निघायचा. तरी इन्स्पेक्टर दयाची थप्पड पडेपर्यंत घरातलं कोणी हलायचं नाही.

सुरुवातीला असं नव्हतं हं. २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली तेव्हा एकेक केस दोन-दोन भाग चालायची, निवांत चौकशी, आणि टीममध्ये चक्क आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून. मालिका काढणारे बी. पी. सिंग दूरदर्शनवर कॅमेरा करून आलेले, मराठीत 'एक शून्य शून्य' ही मालिका केलेले, आणि इथे एसीपी प्रद्युमन झालेले शिवाजी साटम त्यातही होतेच, त्यामुळे आपल्याकडे सीआयडी हिंदी असून घरचीच वाटली.

पण वीस वर्षं रहस्य कुठून आणणार? मग त्यांनी प्रेतं बदलली. कधी सुटकेसमध्ये, कधी झाडावर, मधेच भुताटकीचा बंगला, आणि २००४ मध्ये तर अख्खा १११ मिनिटांचा एपिसोड एका शॉटमध्ये, कुठेही कट नाही, ते मात्र खरंच धाडस होतं. बाकी काही केसेस इतक्या अचाट की हसून पोट दुखायचं. पण मला वाटतं लोक टिकले ते लॅबसाठी. म्हणजे बघा, चादरीखाली मुडदा, मागे निळं-हिरवं पाणी भरलेल्या नळ्या, आणि फॉरेन्सिकवाले डॉक्टर साळुंखे रिपोर्ट हातात धरून मुद्दाम ताणतायत. एसीपी वैतागून म्हणणार, सांगतोस का आता, साळुंखे म्हणणार, तुला जमत असेल तर तूच कर ना पोस्टमॉर्टम, आणि तेवढ्यात इन्स्पेक्टर अभिजीत लॅबमधल्या डॉक्टर तारिकाकडे बघतोय हे साळुंख्यांच्या लक्षात येणार की झालं, तो वेगळाच भडका. मेलेला माणूस राहिला बाजूला! हे भांडण वर्षानुवर्षं तेच, पण दोन जुने मित्र कट्ट्यावर रोज तेच भांडतात तेव्हा आपण कुठे कंटाळतो.

विवेक आला, मग सचिन, पूर्वी, श्रेया, पंकज... नवीन पोरं येत गेली, जात गेली, चाललं. मधली माणसं बदला, कडेची बदला, फक्त एसीपी, दया, अभिजीत, साळुंखे या तिघा-चौघांना हात लावू नका. २०१८ मध्ये १५४७ भागांनंतर बंद झाली तेव्हाही केसेस संपल्या याचं वाईट कुणाला वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आणि गंमत म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये परत आणली ती नेमकं त्यांनाच हात लावून. अभिजीत म्हणे दयावर गोळी झाडतो! टीममधला विनोदी फ्रेडरिक तर नव्हताच, तो करणारे दिनेश फडणीस २०२३ मध्ये गेले, आणि त्याचे बायकोचे फालतू जोक आपण इतके मिस करू असं तेव्हा वाटलं नव्हतं. मग एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युमनलाच बॉम्बस्फोटात मारलं, जागी तरुण एसीपी आयुष्मान. आता तो करणाऱ्या पार्थ समथानचा काय दोष, पोरगा बरं काम करत होता, पण शिवाजी साटम पंचाहत्तरीला टेकलेले असले तरी हवेत बोटं फिरवत विचार करणारा माणूस असा भाड्याने मिळत नाही हो. लोकांनी इंटरनेटवर जो गोंधळ घातला तो बघितलाच असेल. शेवटी आणावं लागलं त्यांना परत. कसे वाचले, काय झालं, त्याचं लॉजिक विचारू नका. आमच्या आईनेही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, आवाज वाढव जरा.