किनवटच्या पाचोळ्यातला छद्मविंचू

किनवटच्या सागवानी जंगलात पानगळीनंतर साचलेल्या पाचोळ्याचा खालचा, ओल धरून असलेला थर जाड चाळणीने पांढऱ्या कापडावर चाळला, तर कधीकधी तांदळाच्या कणीएवढा तपकिरी जीव हाती लागतो. क्षणभर तो निपचित पडतो, मग दोन्ही चिमटे पुढे पसरून चाचपडू लागतो आणि काडीचा स्पर्श होताच झपकन मागे सरतो. हा छद्मविंचू. आमच्याकडे विंचू म्हटले की हात आधी चपलेकडे जातो. पण याला ना शेपूट, ना नांगी. बहुतेक जातींचे विष चिमट्यांत असते आणि ते स्प्रिंगटेल, माइट अशा पाचोळ्यातल्या इवल्या जीवांच्या शिकारीपुरतेच. माणसाला त्याचा काहीही उपद्रव नाही.

मला सर्वांत नवल वाटते ते त्याच्या रेशमाचे. कोळी धागा पोटाच्या टोकाकडून काढतो, तर हा जबड्यांतून. त्या धाग्याने मातीचे कण सांधून तो बंद कोठडी करतो आणि प्रौढ होण्यापूर्वीच्या तिन्ही अवस्थांतली कात पुष्कळ जातींत अशाच कोठडीत टाकली जाते. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते. पंख नसले तरी काही जाती माशीचा पाय चिमट्यात धरून दूरवर फुकट प्रवास करतात.