सायकल माझी, वॉरंटी दादाची

कुंभारमाठचा चढ चढताना सायकल करकरायला लागली तेव्हा वाटलं, चेन कोरडी पडली असेल. मालवणात वारा खारा, चेनला आठवड्याला तेल लागतंच. तेल घातलं, पायडलं काढून ग्रीस लावलं, सीटची नळी उपसून पुसली. करकर तशीच. मालवण ते कट्टा हा माझा रोजचा नोकरीचा रस्ता, त्यामुळे महिनाभर ती ऐकतच गेले-आले. मग एका रविवारी सायकल धुताना, सीटची नळी खाली पायडलच्या जोडाला मिळते तिथे, वेल्डच्या कडेला एक रेघ दिसली. केस चिकटलाय समजून पुसायला गेले, तर नख अडकलं.

बाजारातल्या मेकॅनिककाकांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. "बाय, ह्यो रंगाचो तडो नाय. आतसून गेलोहा."

लोखंडी फ्रेम असती तर त्यांनी तिथल्या तिथे वेल्डिंग मारून दिली असती. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. आर्गॉन वापरून वेल्डिंग करणारा शोधला तरी त्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. कारखान्यात वेल्डिंगनंतर फ्रेम भट्टीत घालून पुन्हा कडक करतात. ती भट्टी आम्ही कुठून आणणार?

पण मी निर्धास्त होते. फ्रेमवर स्टिकरच होता, लाइफटाइम वॉरंटीचा. घरी येऊन पुस्तिका काढली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा वाचली. वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला. अपघात, उड्या, नेहमीची झीज, गंज यांना नाही. मजुरी आणि वाहतूक ग्राहकाची. आणि 'लाइफटाइम' म्हणजे फ्रेमचं 'उपयुक्त आयुष्य'. फ्रेम तुटली की तिचं उपयुक्त आयुष्य संपलंच की, मग उरलं काय, हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी जेव.

घोळ पहिल्याच अटीत होता. सायकल 2018 साली दादाने ठाण्यात घेतली, माझ्यासाठी, पण बिल त्याच्या नावावर. गणपतीला येताना गाडीच्या टपावर बांधून आणली. त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. बिल दादाकडे सापडलं, पण थर्मल कागदाचं, पार कोरं. उन्हात तिरकं धरलं तर एक तारीख दिसल्यासारखी व्हायची. शेवटी कामाला आलं त्याचं बँक स्टेटमेंट, कारण पैसे कार्डाने दिले होते: दुकानाचं नाव, तारीख, 31,500 रुपये. फ्रेमचा नंबर पायडलच्या जोडाखाली ठोकलेला असतो. सायकल उलटी करून, टूथब्रशने चिखल काढून त्याचा फोटो घेतला. सगळं कस्टमर केअरला पाठवलं, अर्थात दादाच्या ईमेलवरून. दादा ईमेल बघतो तो दर महिन्याच्या एक तारखेला, पगाराची स्लिप आली की.

त्यामुळे कंपनीचा नकार आम्हाला सतरा दिवसांनी कळला. किनारपट्टीच्या हवेमुळे गंज, सबब वॉरंटी लागू नाही. मी मालवणात जन्मले. गंज काय असतो ते मला ठाण्या-मुंबईच्या ऑफिसातून कोणी सांगायला नको. लोखंड तांबडं होतं. अ‍ॅल्युमिनियमला खाऱ्या हवेने पांढरी भुकटी सुटते, रंगाखाली फोड येतात. माझ्या तड्याच्या कडा स्वच्छ, चकचकीत होत्या. जवळून सहा फोटो काढले, शेजारी नाणं ठेवून, आणि विचारलं, तपासणी कोणी केली, अहवाल द्या. उत्तर आलं, तक्रार बंद करण्यात आली आहे. वर सेवेला पाच तारे द्या म्हणून दुवा.

मग 1915 लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हा फोन मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला, कंपनीकडे पाठवली. तोवर मी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून काढला. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही त्यात ग्राहक धरलाय, म्हणजे मीसुद्धा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ठाण्याला खेटे नकोत, ओरोसला जायचं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे सगळं एका पानात, शुद्ध मराठीत, कंपनीला कळवलं.

नऊ दिवसांनी मेल. 'सद्भावना म्हणून' फ्रेम बदलून देत आहोत. हक्क म्हणून नव्हे हं, सद्भावना म्हणून!

पण आधी जुनी फ्रेम कापून, तुकडे आणि नंबर एकाच फोटोत दिसतील असं पाठवा. त्यांचंही बरोबर आहे, नाहीतर तडा गेलेली फ्रेम कोणीतरी रंगवून विकायचा. बाबांनी खळ्यात बाकावर फ्रेम दाबून धरली आणि मी हॅक्सॉ चालवला. तुटकी म्हणून टाकलेली ती फ्रेम कापायला वीस मिनिटं लागली. पातं दोनदा मोडलं. बारीक चंदेरी भुसा शेणाच्या जमिनीवर पडला आणि मला उगाच भरून आलं.

नवी फ्रेम कोल्हापूरच्या डीलरकडून आली. जुनं मॉडेल बंद, हे नवं. मागच्या चाकाची जागा जुन्या फ्रेमला 135 मिलिमीटरची होती, हिला 142, आणि आरपार जाणारा जाडा अ‍ॅक्सल. माझं चाक बसेना. पुढचा चिमटा काकांनी रिड्यूसर, म्हणजे मोठ्या नळीत बारीक दांडा बसवायची कडी, घालून बसवला. नवं मागचं चाक 4,600, मजुरी 1,500, वाहतूक 850. फुकटची फ्रेम 6,950 रुपयांना पडली.

चढावर आता करकर नाही, हे कबूल करते. खोक्यात नव्या फ्रेमचं वॉरंटी कार्डही होतं. मालकाच्या रकान्यात छापून आलेलं नाव दादाचं. नाव बदलून द्या म्हणून कंपनीला लिहिलं तर म्हणाले, नोंदणीकृत ईमेलवर दुवा पाठवलाय, तीस दिवसांत भरा.

दादाला फोन केला.

"बघूक नाय गो अजून," म्हणाला. "एक तारखेक बघतंय."