गाडी उभी, हप्ता चालू

आज उरणजवळ एका यार्डाबाहेर दिवस गेला. चाळीस फुटी कंटेनर भरलेला, कागद पूर्ण, सील जागेवर. सकाळी रांगेत लावलेली गाडी दिवेलागणीला आत गेली. हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी अडकून पडल्याच्या पैशांचं, विचारलं तर ट्रान्सपोर्टर म्हणाला, "पार्टीशी बोलतो, बघू." ते पैसे येत नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे.

स्वतःची गाडी म्हणजे स्वतःचा धंदा असं लोकांना वाटतं. पण भाडं दुसराच ठरवतो. न्हावा शेव्याहून चाकणला माल टाकायचा आणि रिकामा कंटेनर परत आणायचा, तोही बहुतेक त्याच भाड्यात. डिझेल आधी, फास्टॅग आधी, बँकेचा हप्ता तारखेला. आपलं बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, मात्र पोच पावती जमा केल्यावर, कधी कधी महिन्याने.

रांगेत संडास नाही, प्यायचं पाणी विकत. पुढच्या गाडीतल्या बीडच्या मामांनी पेटीतून स्टोव्ह काढून पिठलं टाकलं आणि मला हाक मारली. साठीकडे झुकलेला माणूस, इंजिनाच्या धगीत बसून अजून ट्रेलर हाकतोय. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, फार चांगलं झालं. आमच्या जुन्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही.

मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाला 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत आहे. मग गाडी खाली करणाऱ्यालाही मुदत हवी, आणि ती उलटली की पैसे लागलेच पाहिजेत.

पुढच्या खेपेला हॉल्टिंगचा दर लेखी घेऊनच गाडी भरणार. कळंबोली-उरणकडचे मालक-चालक भाऊ, तुम्हीही लेखीच मागा.