आत्याच्या जुन्या प्लेअरसाठी एक डीव्हीडी

माघात आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. डोंबिवलीत छोटासा हॉल घेतला होता. सगळे जमले, फक्त देवरुखची आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येऊ शकली नाही. आईच्या कार्याला आपण नाही, हे तिला फार लागलं. तिच्याकडे मोबाईलला रेंज मिळते ती अंगणाच्या एका कोपऱ्यात. टीव्ही जुना, डब्याचा, पेनड्राइव्ह लावायची सोयच नाही. डीव्हीडी प्लेअर मात्र ठणठणीत. फोनवर म्हणाली, "गो बाय, मला आपली सीडी करून पाठव. निवांत बघीन."

सगळ्यांच्या मोबाईलमधल्या क्लिप मिळून पावणेतीन तास भरत होत्या. त्या एमपीफोर फाइली तशाच डिस्कवर टाकल्या तर जुना प्लेअर त्या ओळखत नाही. त्याला व्हिडिओ एमपेग-२ या जुन्या प्रकारात लागतो, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीने ७२० × ५७६ आकाराचा, सेकंदाला २५ फ्रेमचा. शिवाय डिस्कवर ठरावीक नावाचा फोल्डर आणि त्यात ठरावीक फाइली हव्यात. म्हणजे हे सगळं करून देणारं सॉफ्टवेअर शोधणं आलं.

'मोफत' म्हणून जे पहिलं हाती लागलं ते मी विश्वासाने घेतलं. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी डिस्क लावून ओवाळणीचा प्रसंग काढला. आजी पाटावर बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेला, ताटातल्या दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर हलतोय, आणि त्याच चेहऱ्यावर आडवं, करड्या अक्षरांत त्या सॉफ्टवेअरचं नाव. ते काढायचं तर परवाना विकत घ्या म्हणे. मला खरंच संताप आला. पैसे मागण्यात गैर काही नाही, पण मग ते आधी सांगावं. दुसऱ्या एका 'मोफत' सॉफ्टवेअरने प्रत्येक क्लिपची पहिली पाचच मिनिटं बदलून दिली.

त्यानंतर मी 'फ्री' हा शब्द बघणं सोडलं आणि परवाना कोणता आहे ते बघायला लागले. जीपीएल परवाना असेल तर सोर्स कोड खुला असतो आणि तो कोणालाही वापरता, बदलता, वाटता येतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये कोणी शिक्का घातलाच तर दुसरा कोणी तो काढून टाकू शकतो. या चाळणीतून डीव्हीडी फ्लिक आणि डीव्हीडीस्टायलर ही दोन नावं उरली. पहिल्याची शेवटची आवृत्ती २००९ची, म्हणून दुसरं घेतलं. हँडब्रेकही खुलं आहे आणि उत्तम आहे, पण पुष्कळ जण इथेच फसतात: ते डीव्हीडीवरून किंवा दुसऱ्या व्हिडिओवरून नवी फाइल करून देतं, फाइलवरून प्लेअरवर चालणारी डीव्हीडी नाही.

तरी हँडब्रेक माझ्या उपयोगी पडलं. पहिल्या प्रयत्नात आरतीच्या टाळ्या आधी दिसत आणि आवाज मागून येई. मोबाईल रेकॉर्डिंग करताना फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, त्याचा हा परिणाम. सगळ्या क्लिप हँडब्रेकमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घेतल्या आणि टाळ्या जागेवर आल्या.

मग जागेचा हिशेब. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. पावणेतीन तास बसवायचे तर व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला जेमतेम ३.८ मेगाबिट माहिती वाट्याला येते, आणि दिव्यांच्या हलत्या उजेडात चित्र चौकोनी फुटायला लागतं. जेवणावळीच्या क्लिप कापल्या, दोन तास ठेवले. आता ५.२ मेगाबिट मिळाले, त्यातला थोडा भाग आवाजाला. फरक डोळ्यांना दिसतो. ज्यांनी मोबाईल उभा धरून शूटिंग केलं त्यांच्या क्लिपच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले. त्याला इलाज नाही.

डीव्हीडीस्टायलरमध्ये पाल निवडलं, पडदा ४:३ ठेवला, मेनूत मोठ्या अक्षरांत चारच बटणं केली: पूजा, ओवाळणी, आरती, आशीर्वाद. जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून बटणं चांगली आत सरकवली. थेट डिस्क न लिहिता आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, करून घेतली आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. हे नक्की करा, डिस्क वाया जात नाहीत. विंडोज ७पासून पुढे आयएसओ फाइलवर राइट क्लिक करून डिस्क लिहिता येते, वेगळं काही लागत नाही. मी डीव्हीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी डिस्क, वापरली आणि वेग कमीच ठेवला.

कुरिअर पोचल्यावर आत्याचा फोन आला, अंगणाच्या त्याच कोपऱ्यातून. ओवाळणी तिने तीनदा लावली होती. "आईच्या कानातल्या कुड्यासुद्धा दिसतात गो," म्हणाली. मग जरा थांबून, "शेजारच्या वहिनींना पण हवीय, अजून एक काढशील?"

आयएसओ फाइल जपून ठेवली होती. दुसरी डिस्क त्याच संध्याकाळी लिहून झाली.